हुंदक्यावरचा हशा

प्रिय चिमे,

सोमवारी तुझ्या भिंगरीच्या मालिकेतल्या कामाच्या करारावर सह्या करायच्या आहेत आणि आमच्या त्या दिग्दर्शक काकाने त्यासाठी फोटोवालासुद्धा बोलावलाय, हे मला जावईबापूंकडून कळलं. तुझ्याकडून नाही. त्यांनी निरोपाखाली ओळभर हसरे चेहरे टाकले होते. मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तू मनात म्हणाली असशील, झालं, आईने नाक मुरडलं. अगं, नाक मुरडण्याच्या पलीकडे गेले मी. मला किळस येते. त्या मालिकेची येते, तिच्या हशाची येते, त्या काकाची तर येतेच, आणि कधीकधी सकाळी आरशात बघितलं की माझ्याच या प्रसिद्ध थोबाडाची येते. तू ती सही करू नयेस असं मला वाटतं. एका वाक्यात पटवता आलं असतं तर केव्हाच पटवलं असतं. तेव्हा जरा निवांत बसून वाच, आणि लगेच नवऱ्याला वाचून दाखवू नकोस.

तुला वाटतं तुला आमच्या धंद्याचं सगळं माहीत आहे, कारण तू टीव्हीवरच्या रडूबाईची मुलगी. पण मी तुला घरी येऊन नेहमी गमतीजमतीच सांगत आले. त्या स्पंजाच्या पोटाबद्दल कधी सांगितलं का? सुरुवातीलाच काका म्हणाला होता, बाई, तुम्ही जाड आहात, पण विनोदी जाड नाही. मग स्पंजाचं पोट शिवून आलं, मागून नाड्यांनी बांधायचं. ते धुवायचं नाही, धुतलं की आकार बिघडतो म्हणे. म्हणजे इतकी वर्षं माझा घाम त्यात मुरत आला. काम संपलं की कपडेपटातली बाई ते दोन बोटांनी धरून पंख्याखाली टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तसंच माझ्या अंगाला बांधायची. सकाळी पहिल्यांदा ते गार, चिकट काहीतरी पोटाला लागायचं ना, शी! आणि ते सेटवरचं घर. तू लहानपणी ते बघून हट्ट धरला होतास, की आपलं घर असं का नाही. त्या घराला छत नाही चिमे. टेबलावरची फळं मेणाची, त्यांच्यावर कोणाकोणाचे दात उमटलेत, आणि सोफ्याखाली हात घातलास तर चघळून चिकटवलेल्या च्युइंगमची रांग लागेल. त्या सोफ्यावर बसून मी घराघरांत प्रसन्नता पसरवली, असं मला एका मानपत्रात लिहून दिलंय. प्रसन्नता, डोंबलाची!

आणि तो हशा. तो आम्ही आधीच भरून ठेवतो, हे तुला माहीत आहे का? भाड्याने आणलेले प्रेक्षक खुर्च्यांवर बसवतात. समोर काहीच चालू नसतं, रिकामा सेट. एक माणूस पुढे उभा राहतो. त्याने हात कमरेपर्यंत उचलला की सगळ्यांनी गालात हसायचं, खांद्यापर्यंत नेला की मोठ्याने, आणि डोक्यावर नेला की पोट धरधरून. ते सगळं रेकॉर्ड करून ठेवतात आणि मग जिथे पाहिजे तिथे चिकटवतात. मी मेकअपच्या खोलीत बसून ऐकायचे. समोर कोणी नाही, काही नाही, आणि माणसं गडबडा लोळल्यासारखी हसतायत, हे कानावर पडलं की उठून दार लावून घ्यायचे. माझ्या रडण्याला नेहमी डोक्यावरच्या हाताचा हशा. मी रडायला सुरुवात करायच्या आधीच तो तयार असायचा.

हे रडणं मी कसं बसवलं, ते मी मुलाखतींतून कितीदा सांगितलंय. शेजारी एक म्हातारी राहायची, तिची लकब उचलली वगैरे वगैरे. कसली म्हातारी आणि कसली लकब! तुला ताप होता गं. भिंगरीहून तू थोडीशीच मोठी होतीस. मी तेव्हा त्या मालिकेत शेजारीण होते, दोन-चार भागांची पाहुणी. स्टुडिओत निरोप आला की पोर तापाने फणफणलीये आणि आई आई करतेय. बाबा फिरतीवर. मी काकाकडे गेले आणि घरी जाऊ का म्हणून विचारलं. मालिकेचा मालक तोच, दिग्दर्शक तोच, आणि कोणाचाही काका नसताना सगळे त्याला काका म्हणतात. तो सगळ्यांदेखत म्हणाला, जा की, पण मग उद्या येऊ नका. मी तिथेच रडले. मला शोभून रडता येत नाही, आपल्या घरात कोणालाच येत नाही. आधी उचकी लागते, मग नाकातून शिट्टी वाजते, मग खालचा ओठ हा एवढा बाहेर येतो. शिडीवर चढून दिवे लावणारा माणूस इतका हसला की बाकीच्यांना शिडी धरावी लागली. काका ताडकन उठला. हेच, म्हणाला, हेच पाहिजे मला, कॅमेरा लावा! मी म्हटलं, अहो, मुलगी आजारी आहे. तो म्हणाला, तिचाच विचार करा, असंच रडा, आणि मग जा. मी तुझा विचार केला आणि रडले. पहिल्याच टेकमध्ये झालं. घरी आले तेव्हा तू ग्लानीत होतीस, मला बिलगलीस. पुढच्याच आठवड्यात मला कायमची भूमिका मिळाली, आणि मला तेव्हा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून मी रडूबाई. भाजीवाला म्हणतो, एकदा रडून दाखवा ना. बँकेतला कारकून म्हणतो, बाई, एकदाच. दाताच्या डॉक्टरने तर मी आ वासून पडलेली असताना आपल्या बायकोला आत बोलावलं आणि म्हणाला, बघ, आता दुखलं की कशी रडतील बघ! खरंच दुखलं, आणि दोघं खरंच हसली. तुला शाळेत पोरं रडूबाईची रडकी म्हणून चिडवायची. तू पण अशी हट्टी की रडणंच सोडून दिलंस. गुडघा फुटून रक्त आलं तरी डोळ्यांत पाणी नाही. तुझ्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून कौतुक केलं, फार धीट पोर आहे हो. मला ते अजिबात आवडलं नव्हतं, पण मान हलवून घरी आले.

मग आता तो व्हिडिओ. जावईबापूंनी काढला आणि जगाला दाखवला. भिंगरी टीव्हीसमोर उभी राहून माझी नक्कल करते, उचकी काय, शिट्टी काय, सगळं हुबेहूब. लोकांनी डोक्यावर घेतली पोरीला. तिला त्यात मजा वाटत होती, हे मलाही दिसलं, मी काही आंधळी नाही. पण दोन दिवसांत काकाने मला बोलावून घेतलं. खुर्चीत पसरून म्हणतो, बाई, रक्तातच आहे तुमच्या! आजी रडणार, नात रडणार, अहो, लोक मरतील हसून! हे बोलताना त्याच्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं होतं, त्याने रुमालाने ओठ टिपले. मला त्याच्या टेबलावर ओकावंसं वाटलं. मी नाही म्हटलं, तसा त्याने तुला फोन लावला. तू हो म्हणालीस आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. का विचारलं नाहीस ते मला कळतं, त्यावर येते पुढे.

तिच्या चाचणीच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू कँटीनमध्ये होतीस. आईबापांना आत येऊ देत नाहीत, पोरं त्यांच्याकडेच बघत राहतात म्हणून. तुला पंख्याखाली बसवलं, चहा दिला. आत भिंगरीला त्या खोट्या घराच्या मधोमध उभी केली. मी प्लायवूडच्या दारामागे माझ्या प्रवेशाची वाट बघत उभी, पोट बांधून, विग घालून, गालांवर ते लालभडक गोळे रंगवून. तिने घरी करते तसं करून दाखवलं, गोड केलं. काका म्हणाला, नक्कल वाटतेय, खरं पाहिजे. पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. ती कंटाळली आणि फ्रॉकची किनार चघळायला लागली. मग तो उठला आणि तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला, दाराच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिच्या कानात जे बोलला ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं. म्हणाला, तुझी आई गेली. तू नीट करत नाहीस ना, म्हणून तुला इथेच ठेवून गेली. आता तू इथेच राहायचं, या घरात. एवढं बोलून मागे सरकला आणि कॅमेऱ्याला खूण केली.

भिंगरी रडली गं. आधी उचकी, मग शिट्टी, मग तो ओठ. आता नक्कल नव्हती, ते तिचं स्वतःचं होतं, तुझ्या-माझ्यासारखंच. आणि आत जेवढी म्हणून माणसं होती ती सगळी हसली. मी दार ढकलून आत घुसले. पोटाची नाडी खिळ्याला अडकली, मी तोंडावर आपटले, उठले, तिला उचलायला गेले, तर ती किंचाळून मागे पळाली. हे रंगवलेलं ध्यान कोण, हे त्या पोरीला कसं कळणार? तिने माझ्या पोटात लाथ मारली, तिचा पाय स्पंजात रुतला. मी काकाला शिव्या घालत होते. मेल्या म्हटलं, राक्षसा म्हटलं, तुझ्या जिभेला हाड आहे का म्हटलं, आणि रडतही होते, त्यामुळे प्रत्येक शिवीबरोबर शिट्टी वाजत होती. जितकी शिवी मोठी तितका हशा मोठा. शेवटी मी विग उपटून भिरकावला आणि ओरडले, भिंगरे, अगं मी आहे, आजी! तेव्हा तिने ओळखलं आणि माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काका डोळे पुसत म्हणाला, बाई, कमाल केलीत, असं कोणी लिहूनसुद्धा देणार नाही!

तीच ती क्लिप, चिमे. तुला आत बोलावून पडद्यावर दाखवली ती. तीच आता जाहिरात म्हणून लावणार आहेत. तू टाळ्या वाजवल्यास, आणि मला विचारलंस, आई, विग फेकायचं कोणाला सुचलं गं? मी सांगायला तोंड उघडलं तर शिट्टीच निघाली आणि तूही खळखळून हसलीस. भिंगरी तेव्हा माझ्या खांद्यावर होती. तू आत यायच्या आधी तिने माझ्या कानाशी विचारलं होतं, आजी, मी रडले की ते का हसतात? परवा तू तक्रार करत होतीस की ही हल्ली फार चिकट झालीये, मी बाथरूममध्ये गेले तरी बाहेर बसून राहते, दार वाजवत बसते. जावई मागून म्हणाले, लाडावलीये. लाडावली बिडावली काही नाहीये. तू तिला टाकून जाऊ नयेस म्हणून ती राखण करतेय. काका जे बोलला ते खोटं होतं, असं तिला अजून कोणी सांगितलेलंच नाही. मी सांगितलं, पण माझ्या तोंडाला तो रंग होता, तिला पटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी काम सोडायला काकाच्या ऑफिसात गेले. रडायचं नाही, ताठ बोलायचं, असं रिक्षात बसून घोकत गेले होते. पहिल्याच वाक्याला उचकी आली. बाहेर बसलेली मुलगी फिस्सकन हसली. काकाने तर लेखकाला हाक मारली, अरे ये, हे ऐक, हे पुढच्या भागात घेऊ. मी तशीच उठले, पिशवीतून ते स्पंजाचं पोट काढून त्याच्या कागदांवर ठेवलं आणि घरी आले. त्यानंतर एकदाही गेले नाही. त्याचं काही अडलं नाही हो! त्याचा निरोप आला, काळजी करू नका, विश्रांती घ्या, आजीची जागा आता नात घेईल, तिच्या मापाचं पोट शिवायला टाकलंय. हे वाचलं आणि मी मोरीत जाऊन खरोखर ओकले. एवढ्याशा पोरीच्या अंगाला तो स्पंज बांधणार आहे, आणि तुझ्या सहीने बांधणार आहे.

आता ते, ज्यामुळे तू मला हल्ली काही विचारत नाहीस. बाबा गेले तेव्हा तू खाली औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतीस. धावत वर आलीस तेव्हा मी खुर्चीत बसून चहा पीत होते, डोळे कोरडे ठक्क. पुढे एकदा भांडणात बोललीस, टीव्हीवर परक्यांसाठी धाय मोकलून रडतेस, बाबांसाठी एक टिपूस आलं नाही तुझ्या डोळ्यांतून. मी तेव्हा उठून भांडी घासायला लागले. तेव्हापासून आपलं सगळं कसं व्यवस्थित चाललंय, एकमेकींची तब्येत विचारतो, हवापाण्याचं बोलतो. तर आता ऐक. मी रडले होते. डॉक्टरांनी मान हलवली आणि मी बाबांच्या छातीवर डोकं टेकून रडले, मला जसं येतं तसं. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, नाकात नळी, तिचं तिलाच उठता येत नव्हतं. ती हसली. तिला लाज वाटली असणार, तिने चादर तोंडावर ओढली, पण चादर हलत होती. तिला भेटायला आलेल्या माणसाने माझ्याकडे फोन धरला. नर्ससुद्धा ओठ दाबून भिंतीकडे वळली. वाईट माणसं नव्हती गं ती. या आवाजावर हसायचं, एवढंच त्यांना इतकी वर्षं आम्ही शिकवलं होतं. पण माझ्या हाताखाली तुझे बाबा होते, अजून ऊब होती त्यांच्या अंगात, आणि लोक हसत होते. मी रडणं गिळलं. कोणीतरी चहा दिला तो घेतला आणि कप ओठांना लावून बसले. घरी येऊन न्हाणीघराचा नळ सोडून बसले, म्हटलं आता कोणी नाही, आता रडून घेऊ. आलंच नाही. तू बाहेरून दार वाजवत होतीस, मला आंघोळ करायचीये म्हणून.

हे मी तुला समोर बसून सांगायला हवं, पण कशी सांगू? फोनवर सुरुवात केली तर तू म्हणालीस, आई, पुरे हं, हसून हसून पोट दुखायला लागलं. म्हणून कागद घेतला. इथे मी हवी तेवढी रडतेय आणि तुला फक्त अक्षरं दिसतायत. मी काही आता फार वर्षं राहणार नाही, तू चिडू नकोस, वयच झालंय. मी जाईन तेव्हा तू रडशील की नाही मला माहीत नाही, तुझं रडणं माझ्यामुळे शाळेतच सुटलं. पण भिंगरी रडेल. तिचा जीव आहे माझ्यावर. ती आपल्या घरच्या पद्धतीनेच रडेल, आणि तोवर तिला सगळं गाव ओळखत असेल, तर मला उचलायला आलेली माणसं तिच्याकडे बघून हसतील. मग ती पण गिळेल, आणि नंतर तिला येणारच नाही. मला ते नको आहे चिमे. माझ्यासाठी तिला पोटभर रडता आलं पाहिजे, तुझ्यासाठीही. सही करू नकोस. आणि ते सोमवारचं सोमवारी. आत्ता हा कागद खाली ठेव, ती दाराशी बसली असेल तिथे जा, तिला मांडीवर घे आणि सांग, की त्या दिवशी आई कुठेही गेली नव्हती. बाहेरच बसून चहा पीत होती.

तुझीच,
आई